मारोतीचा आवाज ज्या रॅकमध्ये होता

मी बारा यू मापाचा, काळ्या रंगाचा, भिंतीवर बसणारा रॅक. कपाट म्हणा हवं तर, पण माझ्यात कपडे ठेवत नाहीत. इंटरनेटची, कॅमेऱ्याची, भोंग्याची मशिनं ठेवतात. आमच्या धंद्यात उंची यूमध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, म्हणजे आतून मी एकवीस इंच भरतो. वस्तूनं गप्प राहावं, ही आमची रीत. पण माझ्या पोटात सव्वा वर्ष एक मेलेला माणूस बोलत होता, आणि तो थांबल्यापासून मला गप्प बसवत नाही.

हैदराबादच्या बाजूला एका कारखान्यात माझा पत्रा कापला, वाकवला, भट्टीत घालून रंग भाजला. तिथून ट्रकनं लातूरला आलो, गंजगोलाईच्या मागच्या रस्त्याला, ईश्वरप्पाच्या दुकानात. तिथं आठ महिने उभा होतो. माझं बोलणं तुम्हाला दुकानदारासारखं वाटलं तर नवल नको. मी भाषा त्याच्याकडूनच शिकलो.

ईश्वरप्पा आठवीपर्यंत शिकलेला. पुढचं सगळं रेडिओ उघडून, टीव्ही उघडून आणि गिऱ्हाईकांच्या चुका बघून शिकला. रॅक घ्यायला कुणी आलं की आधी चहा, मग प्रश्न. "आत काय ठेवणार?" हे ज्याला सांगता यायचं नाही त्याला तो रॅक विकायचा नाही, घरी जाऊन मोजून ये म्हणायचा. मुखेडचा एक जण सुतळीनं माप घेऊन निघाला आणि सुतळी एसटीतच विसरला. मग हातानं हवेत अंदाज दाखवून रॅक नेला. तिसऱ्या दिवशी परत. मशीन आत गेलं होतं, पण मागं वायर वळायला जागाच नव्हती. मुरुडच्या एका डॉक्टरांनी तर दवाखान्याची भिंत फोडून मशिनीचं बूड पलीकडच्या खोलीत काढलं होतं. ईश्वरप्पा हे किस्से इतक्या प्रेमानं सांगायचा, की नवा गिऱ्हाईक आपोआप एक माप मोठा रॅक घ्यायचा. "मशीन मोजा, मागं एक वीत सोडा, वर तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. उद्या आणखी एक मशीन येणारच हाय. अन् दार जाळीचं घ्या. मशीनला बी दम लागतो."

दसऱ्याच्या आठवड्यात तिघं आले. शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं एक गाव, तिथले सरपंच किशनराव. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवणारी विशाखा. आणि तिचे वडील मारोती, गावात पाणी सोडणारे. पंचायतीनं चार गल्ल्यांत भोंगे लावायचे ठरवले होते. पाणी आठव्या दिवशी यायचं. मारोतीला सायकलवरून गल्लीगल्लीत ओरडून सांगावं लागायचं, आणि तोवर टाकीजवळ उघडलेल्या कॉकचं पाणी निम्मं वाहून जायचं. आता आवाज मशिनीत भरून ठेवायचा, वेळ लावायची, मारोतीनं फक्त कॉक सांभाळायचा.

"शरणार्थ, सरपंच. बसा," ईश्वरप्पा म्हणाला.

"बसत न्हाई. काचेच्या दाराचा दाखव. सायेब लोक आले तर आतले दिवे दिसले पाहिजेत."

"दिवे जाळीतून बी दिसतेत."

"जाळीचं दार कोंबड्यांच्या खुराड्याला असतंय, ईश्वरप्पा. मी पंचायत चालवून राहिलो."

विशाखानं खोली नीट मोजून आणली होती. कागद पुढं केला. बसका स्लॅब, पश्चिमेची खिडकी, दुपारी ऊन आत. ईश्वरप्पानं कागद वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहाशे मिलिमीटर खोल, म्हणजे दोन फूट, जाळीचं दार, माथ्यावर दोन पंखे. किशनरावांची नजर मात्र शेजारच्या काचवाल्यावरून हलेना. तेवढ्यात मारोती पुढं झाला. उंच, वाळका माणूस, हातात कॉक फिरवायची लोखंडी चावी. लातूरलासुद्धा घेऊन आला होता. त्यानं काचवाल्याचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"सरपंच सायेब, ह्यात माझा आवाज गुदमरंल हो."

किशनराव हसले. "तुझा आवाज गुदमरला तर गावाला बरंच हाय की!" पण घेतला मला. मारोतीनं मला पाठीवर घेतलं आणि जीपपर्यंत नेलं. वाटेत थांबला नाही.

पंचायतीच्या खोलीत विटांच्या भिंतीवर मला टांगलं. मातीच्या भिंतीवर टांगू नका, असं ईश्वरप्पानं तीनदा बजावलं होतं. मग विशाखानं वडिलांना समोर बसवून वाक्यं भरून घेतली. चार गल्ल्या, कोरडा दिवस, लाईट गेल्याचा दिवस, अशी चौदा वाक्यं. "ऐका हो, वरच्या गल्लीचं पाणी सुटून राहिलंय. हंडे धुऊन घ्या. तोट्या लावा." घसा खरबरीत, पण शब्द टाकलेल्या दगडासारखा नेमका पडायचा. चौदाव्या वाक्यानंतर त्यानं खोकून विचारलं होतं, "झालं का गं? आला का आवाज?" तेवढं कापायचं विशाखा विसरली. चौदावं वाक्य खालच्या गल्लीचं होतं, म्हणून दर आठव्या दिवशी त्या पाण्याबरोबर तेही ऐकू यायचं. पोरं भोंग्याकडं तोंड करून ओरडायची, "आला, आला!"

तीन महिन्यांनी पौषातल्या एका सकाळी वरच्या गल्लीचं वाक्य झालं, मधल्या गल्लीचं झालं, पण मधल्या गल्लीला पाणी गेलं नाही. लोक टाकीकडं गेले. मारोती कॉकच्या खड्ड्याशी बसला होता, चावी कॉकवर, कपाळ चावीवर. तो केव्हाच गेला होता. त्याला खड्ड्यातून वर घेत होते, तेव्हाच माझ्यातून त्याचा आवाज निघाला, "ऐका हो, खालच्या गल्लीचं पाणी सुटून राहिलंय." वेळ लावलेली होती. मी काय करणार? भोंग्याखाली उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या काढल्या, एवढं मला जाळीतून दिसलं.

त्यानंतर गावात दोन मतं झाली. किशनरावांची चुलती केवळाबाई पंचायतीत येऊन बसल्या. "मेलेल्या माणसाच्या सांगण्यावरनं आम्ही पाणी भरावं का? पोरं दचकून राहिलीत. बंद करा."

किशनराव म्हणाले, "काकू, त्याच्या आज्याला आपल्या हिरीत दोर टाकू दिला नव्हता आपण. त्यानं वीस वरीस गावाला पाणी पाजलं. बोलू द्या त्याला."

आवाज राहिला. नवा पाणीवाला शिवशंकर त्या आवाजाच्या हिशेबानं कॉक फिरवायला शिकला. आठ दिवसांनी एकदा माझ्या पत्र्यातून मारोती बोलायचा आणि उरलेले दिवस मी त्याची वाट बघायचो. मी दुकानात वाढलेला, भूतबीत मानत नाही. पण दोन वाक्यांमध्ये तासभर जी शांतता असायची, तिच्यात कुणीतरी श्वास धरून थांबलंय असं मला वाटायचं. पंखे फिरायचे, ते मला त्याच्या दमासारखे वाटायचे.

पार्वतीबाई, मारोतीची बायको, पाण्याच्या दिवशी घरचे हंडे शेजारणीवर सोपवून पंचायतीत यायची. माझ्यासमोर खाली बसायची. वाक्य झालं की हळूच उत्तर द्यायची. "हाव, लावल्या तोट्या." "भरला हंडा." चौदाव्या वाक्याला, "आला हो, आला." एवढं झालं की पदर झटकून रोजावर निघून जायची.

उन्हाळा लागला तसं तिनं मला झाकण शिवलं. घराघरात टीव्हीला घालतात तसं, खाली झालर असलेलं. पण पातळ कापडाचं नव्हे. मारोतीचे दोन शर्ट आणि स्वतःचं निळं लुगडं, तीन पदरी, गोधडीसारखं बारीक टाक्यांचं. विशाखा कामावर आली की काढायची. "आई, ह्याला हवा लागते." पार्वतीबाई संध्याकाळी पुन्हा घालायची. शेवटी दोघींत ठरलं, की कुलूप लावताना घालायचं आणि सकाळी काढायचं. त्यावर तो उन्हाळा निघाला.

एक गोष्ट विशाखानं केली नाही. मारोतीच्या वाक्यांची दुसरी प्रत तिनं कुठं ठेवली नाही. ज्या फोनवर आवाज भरला होता, तो फोन तिनं विकला होता. प्रत काढायची म्हणजे आवाज नीट आला का ते बघायला एकेक वाक्य उघडून ऐकावं लागणार. ती संध्याकाळी फाईलवर बोट आणायची आणि बोट काढून घ्यायची. "उद्या करू," म्हणायची. मला दिसत होतं. मी पत्रा. मी काय सांगणार?

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तिचं नांदेडला बारा दिवसांचं प्रशिक्षण निघालं. त्याच वेळी पंचायतीच्या शेजारच्या खोलीत फरशी घासायचं काम सुरू झालं. पांढरी धूळ दारातून आत येत होती. जायच्या सकाळी विशाखा आईला म्हणाली, "मी येईपर्यंत झाकूनच ठेव. धूळ जाईल आत."

ते बारा दिवस मी विसरू शकत नाही. पश्चिमेचं ऊन, बंद खिडकी, अंगावर तीन पदरी झाकण. पंखे कापड ओढत होते. लुगड्याचे निळे धागे पात्यांत गुंतत होते. मशिनं तापली, मी तापलो. पार्वतीबाई रोज येऊन झाकणावरून माझ्यावर तळवा ठेवायची. पत्रा आतून ऊनऊन लागायचा, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. एकदा तिनं गाल टेकवला. "अंग गरम हाय," ती म्हणाली, "हाय अजून." आणि झालर दोन्ही बाजूंनी खाली ओढून घट्ट खोचली, की ऊब निघून जाऊ नये.

ती ऊब नव्हती हो. तो माझा ताप होता. सगळ्या आयुष्यात मला एकदाच तोंड हवं होतं, आणि तेव्हा ते नव्हतं.

अकराव्या दिवशी पाणी होतं. वरच्या गल्लीचं वाक्य निघालं, "ऐका हो, वरच्या गल्लीचं पाणी सुटून, सुटून, सुटून, सुटून..." मशिनीतली आवाज साठवणारी तबकडी तिथंच अडली. चारी भोंग्यांवरून सगळ्या गावाला मारोतीचा तो एकच शब्द. माणसं हंडे घेऊन दारात तशीच उभी राहिली. पार्वतीबाई माझ्यासमोरच बसली होती. तिनं दोन्ही हातांनी मला धरलं. "सोडा हो, काय धरून बसलाव, सोडा..." आणि माझ्या पोटात काहीतरी करकरलं आणि आवाज थांबला. एवढी शांतता मी तोवर ऐकली नव्हती.

विशाखा दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण संपवून नांदेडहून परतली. झाकण काढलं, तबकडी काढली, परत नांदेडला जाऊन एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्यानं सांगितलं, काही निघणार नाही. घरी येऊन तिनं आईला एवढंच सांगितलं, "मशीन जुनं झालं होतं."

पण केवळाबाई गप्प राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. नळावर चारचौघीत बोलून गेल्या, "एकदा गेला तो देवानं नेला. दुसऱ्यांदा बायकोनंच गोधडीत कोंडून मारला."

ते पार्वतीबाईला पोचलं. तिनं चहा सोडला, जेवण नावाला उरलं. विशाखा शपथा घ्यायची, आई, तसं काही नाही. "तू माझी लेक हायस. तू खरं सांगणार न्हाईस," ती म्हणायची. नवं मशीन आणायला आणि मला तपासायला लातूरला न्यायचं ठरलं, तेव्हा ती जीपमध्ये आधीच जाऊन बसली. "ज्यानं इकलं, त्याला इचारते. त्याला माझा लोभ न्हाई."

मला ईश्वरप्पाच्या फळीवर ठेवलं. किशनराव खुर्चीत बसले, पार्वतीबाई बाकावर. तिच्या मांडीवर ते झाकण, धुऊन घडी केलेलं. विशाखा तिच्या मागं उभी होती.

ईश्वरप्पानं चष्मा लावला आणि माझा माथा उघडला. पंख्यातून चिमट्यानं निळ्या धाग्यांचा गुंता ओढून काढला, नाकाशी नेला. इतक्या वर्षांचं ज्ञान. मला माहीत होतं, त्याला कळलंय.

"आरं तिच्या! ह्याला काय थंडी वाजून राहिली होती का? कुणी गोध..."

तेवढ्यात त्याची मान वर झाली. विशाखानं एकदाच मान हलवली होती, नाही म्हणून. मग त्याची नजर पार्वतीबाईच्या मांडीवर गेली. तेच निळं.

"दुकानदार," पार्वतीबाई म्हणाली, "म्या ह्याला झाकलं होतं. गावात म्हणून राहिलेत, म्या कोंडून मारलं. तुमी खरं सांगा. म्या मारलं का?"

आता या माणसाची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ईश्वरप्पानं आपल्या मालाला कधी वाईट म्हटलं नाही. उदगीरच्या एका गिऱ्हाइकाच्या मशिनीतून धूर निघाला, तेव्हा हा म्हणाला होता, "धूर निघून राहिला म्हणजे वीज नीट पोचती. माल फर्स्ट क्लास हाय." गिऱ्हाईक हातात जळकी वायर घेऊन उभा, आणि हा त्यालाच दोन गोष्टी शिकवतोय. असा माणूस.

त्यानं चिमटा खाली ठेवला. धाग्यांचा गुंता मुठीत घेऊन बंडीच्या खिशात टाकला.

"न्हाई मावशी. खोट माझ्या मालात होती. पंखा खोटा निघाला. नुसता फिरायचा, हवा ओढायचा न्हाई. म्या इकताना बघायला पाहिजे होतं, न्हाई बघितलं."

"बघ!" किशनराव उसळले. "म्हणलो होतो मी, काचेचा घ्या म्हणून! आता बदलून दे."

"देतो की, सरपंच. जरा दमानं."

पार्वतीबाई हलली नाही. "अन् माझं झाकण?"

"तुमच्या झाकणानं धूळ तरी थांबली. न्हाईतर खोट्या पंख्यावर हे मशीन पहिल्याच उन्हाळ्यात गेलं असतं. तुमी त्याला एक वरीस जास्त चालवलंत, मावशी."

"मग नव्याला बी घालू का?"

विशाखा एक पाऊल पुढं सरकली. ईश्वरप्पा म्हणाला, "नव्याला नका घालू. नव्याची कंपनी लई आगाव हाय. रुसक्या जावयासारखं हाय ते, अंगाला कापड लागलं की गॅरंटी बाद. जुना गरीब होता बिचारा, चालवून घ्यायचा."

"खरं सांगून राहिलाव ना, दुकानदार?"

ईश्वरप्पानं माझ्यावर हात ठेवला, सपाट, सगळा तळवा. "ह्याच्यावर हात ठेवून सांगतो. हाच खोटा होता."

माझा पत्रा गार होता. त्याचा तळवा घामानं भिजलेला.

पार्वतीबाईनं झाकणाची घडी बाजूला ठेवली. चहा आलेला होता, निवत होता. तिनं बशीत ओतला आणि पिला. सगळा पिला. पाठ फिरवून उभ्या विशाखानं काचेच्या रॅकमध्ये बघत ओढणीनं तोंड पुसलं.

नवा रॅक जीपमध्ये चढला. आई बसल्यावर विशाखा एकटीच मागं आली. "अप्पा, झाकून ठेव असं मीच सांगितलं होतं. आणि प्रत..."

"पंखा खोटा होता, पोरी," ईश्वरप्पा म्हणाला. "जा, गाडीत बस. आज घरी गेलीस की नव्यात जे भरशील, त्याच्या दोन प्रती काढ. एक हितं आणून ठेव माझ्याकडं."

आता मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात उभा आहे. माझ्यावर खडूनं लिहिलंय, विकायचा नाही. दोन्ही पंखे आजही गरगरा फिरतात, कागद धरला तर खेचून घेतात. आठव्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, माझ्या रिकाम्या पत्र्यात काहीतरी थरथरतं. बाहेर ट्रक जात असेल, असं मी स्वतःला सांगतो. ट्रक रोज जातात, थरथर आठव्या दिवशीच येते.

गिऱ्हाइकं विचारतात, अप्पा, हा चांगला दिसतोय, का विकत नाही? तो सांगतो, पंखा खोटा आहे. सगळ्या गंजगोलाईत मी आता खोटा माल म्हणून माहीत आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. दीड वर्ष मी मशिनं सांभाळली, त्यापेक्षा हे काम मोठं आहे.

खरं काय ते मी फक्त तुम्हाला सांगितलं. रॅक घ्यायला निघालात तर मोजून घ्या, मागं जागा ठेवा, जाळीचं दार घ्या, झाकू नका, आणि ज्याचा आवाज परत मिळणार नाही त्याची प्रत दुसरीकडं ठेवा. आणि कधी शिरूरच्या बाजूला गेलात, नळावर कुणी हा विषय काढला, एखादी म्हातारी हंडा खाली ठेवून तुमच्या तोंडाकडं बघत थांबली, तर एवढं करा. सांगा, आम्ही लातूरला तो रॅक स्वतः बघितला, पंखा खोटाच होता.